चार आडनावे आणि एक सबब

कुलवृत्तान्त चाळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना एक वाक्य तोंडपाठ असते. प्रस्तावनेच्या अखेरीस, ऋणनिर्देशाच्या किंचित आधी, संपादक मंडळ नम्रपणे कळविते की घराण्यातील स्त्रियांची माहिती उपलब्ध न झाल्यामुळे ती देता आलेली नाही. खेद एका ओळीचा आणि परिणाम चारशे पानांचा! पुढे मूळ पुरुषापासून बाराव्या-तेराव्या पिढीपर्यंत पुरुषांमागून पुरुष जन्मत जातात. त्यांच्या नोकऱ्या, बदल्या, पदव्या, क्वचित मधुमेहसुद्धा नोंदविला जातो. बायकोच्या जागी मात्र सासरी ठेवलेले एक नाव, आणि लेकीच्या जागी ‘कन्या दोन’ असा आकडा. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या गावांत अशा ग्रंथांच्या सुधारित आवृत्त्यांची सध्या लगबग आहे, म्हणून हा विषय आताच काढणे भाग आहे. एकदा छापले गेलेले रिकामेपण पुढच्या पिढीला पुराव्यासारखे वाटू लागते.

‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य बहुतांशी खोटे असते, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. माहिती असते, ती बाईच्या नावाच्या मथळ्याखाली नसते इतकेच. ती नवऱ्याच्या, बापाच्या, जावयाच्या, सरकारच्या, फिर्यादीच्या, अगदी एखाद्या टेकडीच्या मथळ्याखाली लावून ठेवलेली असते. तिथे जाऊन ती उचलण्याचे कष्ट कोणी घेत नाही, आणि त्या आळसाला अनुपलब्धतेचे सभ्य नाव दिले जाते.

हे सिद्ध करण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. जवळचे घेतले की कोणत्या घराण्याचा उल्लेख आधी आला आणि कोणाचा राहिला यावरच चर्चा भरकटते. सतराव्या शतकात इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या एका प्युरिटन घरातल्या बाईच्या आप्तांचा आणि विवाहांचा माग कसा लागला, ते पाहू. तिचे नाव एलिझाबेथ. आडनावे चार : जन्माने फोन्स, मग विन्थ्रॉप, मग फीक, मग हॅलेट.

आरंभच बोलका आहे. एलिझाबेथचा जन्म १६१० च्या जानेवारीत सफोक परगण्यातील ग्रॉटन येथे झाला. ग्रॉटन हे तिचे आजोळ. वडील टॉमस फोन्स हे लंडनमधील औषधांचे व्यापारी, आई अ‍ॅन ही विन्थ्रॉप घराण्यातली लेक. म्हणजे बापाच्या वंशाचीच तेवढी कागदपत्रे धुंडाळणारा संशोधक पहिल्याच पायरीवर अडखळेल, कारण या मुलीचा धागा पुढे सतत आईच्या माहेराशी गुंतलेला आहे. तारखेचाही एक पेच आहे. तत्कालीन इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे आज आपण ज्याला जानेवारी १६१० म्हणतो, तो त्या काळच्या कागदात जानेवारी १६०९ असतो. ज्यांनी मोडी कागदांतल्या सुहूर आणि फसली सनांची इसवी सनाशी सांगड घातली आहे, त्यांना या पेचाचे भय वाटण्याचे कारण नाही.

आईचा भाऊ जॉन विन्थ्रॉप. हाच पुढे मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर झाला. त्याचा दुसरा मुलगा हेन्री हा १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर तंबाखूची शेती करायला गेला आणि हात पोळून परत आला. लंडनला टॉमस फोन्सच्या घरी उतरला आणि तिथल्या आतेबहिणीच्या प्रेमात पडला. हे आपल्याला कसे कळते? मुलीच्या आजारी बापाने मेव्हण्याला, म्हणजे हेन्रीच्या बापाला, वैतागून लिहिलेल्या पत्रावरून. तुमचा मुलगा माझ्या घरात मनमानी करतो आणि माझे काही चालू देत नाही, असा त्या पत्राचा रोख आहे. पत्राचा विषय हेन्री. पण एका तरुणीच्या विवाहाची पूर्वपीठिका त्यातच सापडते. २५ एप्रिल १६२९ रोजी लंडनच्या सेंट सेपल्कर चर्चमध्ये दोघांचे लग्न झाले. त्याच महिन्यात टॉमस फोन्स वारला होता. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची चाल अनेक समाजांत आहे, आतेबहिणीशी नाही. इंग्रजांना हा भेद नव्हता. परंतु वंशावळ लिहिणाऱ्याला तो महत्त्वाचा आहे. जॉन विन्थ्रॉप आता एलिझाबेथचा मामाही होता आणि सासराही. पत्रांत ती त्याला कोणत्या नात्याने संबोधते हे पाहूनच पत्र कोणत्या काळातले ते पुष्कळदा ठरवावे लागते. इंग्रजीतले नातेवाचक शब्द त्या काळी आजच्यापेक्षा ढिले होते : सून आणि सावत्र मुलगी यांना एकच शब्द, भाचा, पुतण्या, चुलतभाऊ यांनाही वाटेल तो. ज्यांच्या भाषेत आते, मामे, मावस, चुलत असे चार निराळे शब्द आहेत, त्या आपण तरी अशा बाबतीत पुढे असायला हवे होते.

१६३० मध्ये विन्थ्रॉपचा जहाजांचा ताफा अमेरिकेला निघाला. एलिझाबेथ गरोदर होती म्हणून मागे राहिली, आणि मे महिन्यात ग्रॉटनला तिला मुलगी झाली. मार्था जोहाना तिचे नाव. हेन्री जुलैच्या आरंभी सेलमला उतरला आणि उतरताच खाडीत पोहताना बुडाला. पित्याच्या रोजनिशीत या घटनेला एकच ओळ आहे. तीत विधवेचा उल्लेख नाही, तान्ह्या मुलीचा नाही. १६३१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘लायन’ नावाच्या जहाजातून एलिझाबेथ मुलीला घेऊन बॉस्टनला पोहोचली. गव्हर्नरची पत्नी मार्गारेट, थोरला मुलगा धाकटा जॉन विन्थ्रॉप आणि त्याची बायको मार्था हेही त्याच जहाजात होते. ही मार्था म्हणजे एलिझाबेथची सख्खी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या.

आता ज्या ठिकाणी आपला संपादक हात टेकेल त्या ठिकाणाकडे येऊ. विधवा एलिझाबेथचा दुसरा विवाह रॉबर्ट फीक याच्याशी झाला. विवाहाची नोंद? नाही. प्युरिटन लोक विवाहाला धर्मसंस्कार मानत नसत. तो त्यांच्या लेखी दिवाणी करार होता आणि दंडाधिकाऱ्यापुढे होई. वसाहतीच्या पहिल्या वर्षांत अशा नोंदी ठेवण्याची घडी बसलेली नव्हती, त्यामुळे चर्चची वही उघडून पानावर बोट ठेवण्याची सोय नाही. मग? गव्हर्नर विन्थ्रॉप २७ जानेवारी १६३२ रोजी काही सोबत्यांसह चार्ल्स नदीच्या काठाने वर गेला. वाटेत दिसलेल्या जागांना त्यांनी नावे दिली. एका टेकडीला नाव दिले माउंट फीक. आणि हे नाव कोणावरून, ते सांगताना रोजनिशीत खुलासा आला की गव्हर्नरच्या सुनेशी ज्याने लग्न केले त्या रॉबर्ट फीकवरून. झाले! बाई नोव्हेंबर १६३१ च्या आरंभी किनाऱ्याला लागली आणि जानेवारीच्या अखेरीस ती फीकची पत्नी आहे. बारा आठवड्यांच्या आत विवाह पक्का बसविता येतो, आणि तो बसविणारा पुरावा एका टेकडीच्या बारशाचा आहे. त्या ओळीतही तिचे नाव नाही हे लक्षात घ्यावे. ती ‘गव्हर्नरची सून’ आहे. नाव नाही म्हणून माहिती नाही असे मानणाऱ्याने ही ओळ वाचून पान उलटले असते.

फीक कुटुंब वॉटरटाऊनला राहिले. रॉबर्ट तिथला लेफ्टनंट आणि वसाहतीच्या सभेतील प्रतिनिधी. या काळात एलिझाबेथविषयी फारसे हाती लागत नाही. सुखाने नांदणारी माणसे कुठल्याच दप्तरात गर्दी करीत नाहीत. १८ जुलै १६४० ला मात्र एक खरेदीखत झाले आणि या कागदासाठी मी हा सारा खटाटोप करीत आहे. रॉबर्ट फीक आणि कॅप्टन डॅनियल पॅट्रिक यांनी आजच्या कनेक्टिकट राज्यातील ग्रेनिच येथील जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून पंचवीस कोटांच्या मोबदल्यात घेतली. कोट म्हणजे अंगात घालायचे. त्या खतात समुद्रात शिरलेल्या एका भूशिराविषयी वेगळे कलम आहे. मूळ नाव मोनाकेवेगो, आणि खत सांगते की आम्ही याला एलिझाबेथ नेक म्हणतो, ही रॉबर्ट फीकच्या पत्नीची खास स्वतःची खरेदी आहे आणि ती तिची व तिच्या वारसांची राहील.

इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीला तेव्हा स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची मालमत्ता नवऱ्याची, तिची सही नवऱ्याच्या सहीत विरघळलेली. अशा काळात, नवरा हयात असताना आणि त्याच खतात खरेदीदार असताना, बायकोचे नाव घालून जमिनीचा तुकडा तोडून ठेवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही स्थानिक इतिहासात दीर्घकाळ ग्रेनिचचे संस्थापक म्हणून फीक आणि पॅट्रिक या दोघांचीच नावे ठळक टाइपात येत राहिली. नकाशा पाहावा. विन्थ्रॉप हे बॉस्टनजवळच्या एका गावाचे नाव आहे. माउंट फीक हे नाव वॉल्थॅममधल्या दफनभूमीने टिकवून धरले आहे. हॅलेट्स पॉइंट न्यूयॉर्क शहरात क्वीन्सच्या काठावर आहे. तिच्या तिन्ही नवऱ्यांची आडनावे जमिनीवर उभी आहेत. जो तुकडा तिने स्वतः घेतला, तो आज ग्रेनिच पॉइंट किंवा पुढच्या एका धनिक मालकावरून टॉड्स पॉइंट म्हणून ओळखला जातो.

दोन वर्षांनी, ९ एप्रिल १६४२ रोजी, ग्रेनिचने डच सत्तेखाली जाण्याचे मान्य केले. त्या करारात पक्षकार कोण? कॅप्टन पॅट्रिक, आणि नवरा आजारी असल्यामुळे त्याच्या वतीने अधिकृत झालेली एलिझाबेथ फीक. एका वसाहतीची निष्ठा एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जात आहे आणि त्या कागदाच्या मायन्यात एक बाई आहे. हा कागद इंग्रजी दप्तरात शोधणाऱ्याला मिळणार नाही; तो डचांकडे आहे. आपल्या वाचकांपैकी जे बेळगाव-निपाणीकडचे किंवा गोव्याचे आहेत त्यांना यात नवल वाटू नये. सीमेवर राहणाऱ्या घराण्याचे कागद नेहमी दोन सरकारांच्या दप्तरांत विखुरलेले असतात, आणि एकाच ठिकाणी शोधून परत येणारा ‘काही नाही’ असा अहवाल देतो. डच दप्तराचा आणखी एक गुण असा, की डच रिवाजात विवाहित स्त्री आपले पितृनाम टाकीत नसे आणि संपत्तीवरचा तिचा हक्कही इंग्रज स्त्रीपेक्षा अधिक होता. त्यामुळे न्यू नेदरलंडचे दप्तरी कारकून बायकांची नावे लिहायला सरावलेले होते. कारकुनाला रकाना दिला की तो भरतो.

यानंतरचा काळ वादळी आहे आणि म्हणूनच कागदांनी गजबजलेला. पॅट्रिक १६४३-४४ च्या हिवाळ्यात एका डच सैनिकाच्या गोळीने मेला. रॉबर्ट फीकचे मानसिक संतुलन ढळत गेले आणि १६४७ मध्ये तो घरदार सोडून निघून गेला. मालमत्तेचा कारभार एलिझाबेथ आणि विल्यम हॅलेट यांच्या हाती राहिला. ही दोघे एकत्र राहू लागली. हे प्रकरण किती भयंकर होते ते कळण्यासाठी एक तपशील पुरे. मॅसॅच्युसेट्समध्ये व्यभिचाराला देहदंड होता आणि तो केवळ कागदावर नव्हता; १६४४ मध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना त्यासाठी फाशी दिले गेले होते. न्यू हेवनचा कायदाही तितकाच कडक होता. म्हणजे ही बाई गव्हर्नरची भाची आणि एकेकाळची सून असूनही फासाच्या टप्प्यात उभी होती.

१६४८ च्या एप्रिलमध्ये टॉमस लायन नावाच्या तरुणाने स्टॅमफर्डहून गव्हर्नर विन्थ्रॉपला पत्र लिहिले. हा लायन मार्था जोहानाचा नवरा, म्हणजे एलिझाबेथचा जावई. सासूच्या वर्तनाची तक्रार हा पत्राचा विषय. वंशशास्त्राच्या दृष्टीने हे पत्र सोने आहे : कोण कोणाचे, कोण कोठे राहते, मालमत्ता कोणाच्या ताब्यात, सगळे त्यात आहे. मात्र ते कोणी लिहिले आणि कशासाठी, हे विसरता कामा नये. लायनच्या बायकोचा, म्हणजे हेन्री विन्थ्रॉपच्या मुलीचा, वाटा अडकलेला होता. जावयाचा सात्त्विक संताप आणि जावयाचा वारसा ही दोन्ही एकाच शाईने लिहिलेली आहेत. आपल्याकडे विधवांच्या दत्तकविधानांवरून झालेले तंटे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना दीर-पुतण्यांच्या अर्जांतील हा सूर चांगला परिचित असेल. असा कागद फेकून द्यायचा नसतो आणि जशाच्या तसा मानायचाही नसतो. त्यातले पत्ते आणि नाती घ्यावीत, विशेषणे सोडावीत.

एलिझाबेथची विभक्तता, मुलांचा ताबा आणि मालमत्ता हे प्रश्न डच कौन्सिलपुढे गेले. डचांकडून सुटका झाल्याचे तिच्या बाजूचे म्हणणे. न्यू हेवनला ते मान्य नव्हते. शेवटी ती आणि हॅलेट धाकट्या जॉन विन्थ्रॉपच्या आश्रयाला पीक्वॉट येथे, म्हणजे आजच्या न्यू लंडनला, गेली. धाकटा जॉन हा तिचा मामेभाऊ, पहिला दीर, आणि दिवंगत बहिणीचा नवरा. नात्याचे तीन पदर असलेल्या या माणसाने तिला पाठीशी घातले, पत्रे लिहिली, मध्यस्थी केली. थोरला विन्थ्रॉप १६४९ च्या मार्चमध्ये वारला. हॅलेटशी झालेल्या विवाहाची नोंदवहीतली ओळ आपल्यापुढे नाही. जे आहे ते पत्रव्यवहारातून आणि पुढच्या कागदांतून जुळवावे लागते. १६५२ मध्ये हॅलेटला डच गव्हर्नर स्टायव्हसंटकडून हेलगेटजवळ जमीन मिळाली. १६५५ च्या चकमकीत ते घर गेले आणि कुटुंब फ्लशिंगला आले. १६५६ मध्ये हॅलेट तिथला शेरीफ असताना त्याने विल्यम विकेंडन नावाच्या बाप्टिस्ट उपदेशकाला आपल्या घरात प्रवचन करू दिले, म्हणून त्याचे पद गेले, दंड झाला आणि हद्दपारीचा हुकूम निघाला. नंतर हद्दपारी माफ झाली. ‘आपल्या घरात’ हा शब्द कायद्याच्या कागदात हॅलेटचा आहे. घर चालविणारी कोण होती, हे सांगायला हवे काय?

आणि लेकी? आपल्या ग्रंथांतील ‘कन्या दोन’ म्हणून ज्या संपतात त्या लेकी? एलिझाबेथ आणि रॉबर्ट फीक यांची मुलगी हॅना हिने १६५६ मध्ये फ्लशिंगच्या जॉन बाउनशी लग्न केले. हॅना क्वेकर झाली, बाउनही झाला. घरात क्वेकरांच्या सभा भरवल्या म्हणून १६६२ मध्ये बाउनला अटक झाली आणि त्याला समुद्रापार पाठविण्यात आले. त्याने अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे आपली बाजू मांडली आणि १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हसंटला कळविले की लोकांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नका. त्याआधी १६५७ मध्ये फ्लशिंगच्या रहिवाशांनी याच प्रश्नावर जो प्रसिद्ध निषेधलेख दिला, त्यावर सही करणारा तत्कालीन शेरीफ टोबायस फीक हा रॉबर्टचा पुतण्या. अमेरिकेतील धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासाचे हे ठळक पान आहे. त्यावरची माणसे परस्परांशी कशी जोडलेली होती ते केवळ पुरुषांच्या वंशवृक्षावरून दिसत नाही. हॅलेट, बाउन आणि फीक ही तीन निरनिराळी झाडे वाटतात. मध्ये एलिझाबेथ ठेवली की ते एकच घर होते हे कळते. लेक वगळणारा वंशवृक्ष अपुरा तर असतोच, तो इतिहासाचा अर्थही चुकवितो.

या बाईवर अ‍ॅन्या सीटनने १९५८ मध्ये ‘द विन्थ्रॉप वुमन’ ही कादंबरी लिहिली आणि ती अफाट खपली. त्यानंतर एलिझाबेथ म्हणजे बंडखोर, देखणी, काळाच्या पुढची नायिका असे चित्र रूढ झाले. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ या कादंबऱ्यांनी आपल्याकडे पेशवाईतल्या स्त्रियांचे जे केले, त्याचीच ही जात. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. वंशेतिहास लिहिणाऱ्याला नाही. पहिला माणूस बाईला गाळतो आणि दुसरा तिला सजवितो; कागद दोघेही वाचत नाहीत. ज्या भूशिराच्या खरेदीचे मी वर कौतुक केले ती जमीन मूळ रहिवाशांची होती आणि १६४४ मध्ये ग्रेनिचहून निघालेल्या डच व इंग्रज सैनिकांच्या तुकडीने त्यांच्या एका वस्तीची कत्तल केली, हेही त्याच इतिहासात आहे. नायिका हवी असेल तर हे पान वगळावे लागते. मला नायिका नको, नोंद हवी आहे.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. ती गव्हर्नरची भाची होती, तिच्या माहेरच्या पत्रांचे गठ्ठे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ‘विन्थ्रॉप पेपर्स’ म्हणून छापले. आपल्याकडे असे कोठे? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. त्याच जहाजांतून गेलेल्या मोलकरणींची नावे सापडतात ती बहुधा न्यायालयाच्या वहीत, विवाहापूर्वी गरोदर राहिल्याबद्दलच्या शिक्षेच्या निमित्ताने. गरीब बाई नोंदीत गुन्हेगार म्हणून येते, हे सत्य आहे. परंतु कुलवृत्तान्त काढणारी आपली घराणी मोलकरणींची नाहीत. ती इनामदारांची, कारकुनांची, दिवाणांची, उपाध्यायांची, सावकारांची आहेत. म्हणजे ती विन्थ्रॉप आहेत. त्यांना ही सबब शोभत नाही.

आणि गठ्ठे आयते मिळाले असेही नव्हे. बॉस्टनची वंशेतिहास संस्था १८४५ ची. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी पहिल्या पिढीतील स्थलांतरितांची एकेक नोंद पुन्हा तपासण्याचा जो प्रकल्प हाती घेतला तो १९८८ पासूनचा. डच दप्तर १९११ साली ऑल्बनीच्या राजभवनातील आगीत होरपळले. कडा जळालेल्या त्या पानांच्या वाचनाचे आणि भाषांतराचे काम १९७४ पासून चार्ल्स गेरिंग यांनी अनेक दशके चालविले. सतराव्या शतकातील डच हस्ताक्षर आपल्या मोडीपेक्षा सोपे नाही.

आपल्याकडे काय आहे ते मोजू. महालयात आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारावी लागतात, आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही. म्हणजे ज्या घरांत दरसाल श्राद्धे होत, त्या घरांत स्त्रियांची नावे पाठ ठेवण्याची सक्ती होती. ती विसरली गेली असतील तर गेल्या दोन पिढ्यांत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. इनाम कमिशनपुढच्या कैफियती आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी कागदांत विधवांच्या नेमणुकीचे आणि दत्तकाच्या परवानगीचे अर्ज आहेत, आणि अशा अर्जात बाईला आपण कोणाची लेक, कोणाची सून हे सांगावेच लागते. गोव्याच्या चर्चवह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव येते. आणि घराघरांत लग्नपत्रिका आहेत, आहेराच्या याद्या आहेत. पिवळ्या पडलेल्या, पण वाचता येणाऱ्या. आहेराच्या यादीइतका नात्यांचा चोख पुरावा दुसरा नाही, कारण तिथे चुकले तर भांडण होते.

सासरी नाव बदलते म्हणून माग लागत नाही, हा दुसरा आक्षेप. एलिझाबेथची चार आडनावे जुळविली गेली. आपल्याला दोन नावे जुळवायची आहेत. लग्न झालेल्या बाईच्या माहेरच्या नावाला आपण ‘पूर्वाश्रमीची’ म्हणतो. संन्याशाला लावायचा शब्द आहे हा! तिने संन्यास घेतलेला नसतो. उलट तीच दोन घरांतला एकमेव जिवंत दुवा असते. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्यांना तर हे अधिकच लागू आहे. पुरुषांच्या वंशावळीने ग्वाल्हेरचे एक घर कोकणातल्या एका खेड्याशी जोडले जाते, जिथे आता त्यांचे कोणी नाही. इंदूर ग्वाल्हेरशी, ग्वाल्हेर बडोद्याशी आणि बडोदे हैदराबादशी जोडले गेले ते लेकी दिल्याने आणि सुना आणल्याने. त्या वगळून आपण जो ग्रंथ छापतो, तो आपल्या समाजाचा नसतो. फार तर एका दूरच्या खेड्याच्या सातबाऱ्याचा विस्तार असतो.

कायदा पुढे गेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तलाठ्याच्या रकान्यात आई आली आणि कुलवृत्तान्ताच्या रकान्यात अजून येत नाही. मागील वर्षी एका कुलवृत्तान्त समितीचा छापील माहितीतक्ता माझ्याकडे आला. पुरुषासाठी त्यात शिक्षण, व्यवसाय, सन्मान, छंद असे अकरा रकाने आहेत. पत्नीसाठी एक. लेकीसाठी ‘संख्या’.

त्या तक्त्यात मी हाताने आणखी रकाने आखले : माहेरचे नाव व आडनाव, आईचे माहेर, विवाहाचे वर्ष व गाव, पुनर्विवाह असल्यास तो, लेकींची नावे, त्यांची सासरे व त्यांची मुले. कागद उलटून मागची बाजू वापरावी लागली. तो भरून पाठविला तेव्हा समितीकडून उत्तर आले की जागेअभावी जादा मजकूर घेता येणार नाही. सुधारित आवृत्तीत घराण्याच्या कुलदैवताची आणि देणगीदारांची रंगीत छायाचित्रे मिळून चाळीस पाने योजलेली आहेत. ती चाळीस पाने कोणत्या हिशेबाने उपलब्ध झाली, हे समितीने सभासदांना सांगावे.